नॅनोकणांवरचे लेप आणि शरीरातले त्यांचे वर्तन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषध वाहून नेणारा, एमआरआयमध्ये अवयव उठून दिसावा म्हणून टोचलेला किंवा लशीतला आरएनए सांभाळणारा नॅनोकण कशाचा आहे, हे सगळेच विचारतात. त्याच्यावर काय चढवले आहे, किती दाट चढवले आहे आणि रक्तात गेल्यावर त्यातले किती उरते, हे विचारणारे कमी. खालची उत्तरे या दुसऱ्या प्रश्नांसाठी आहेत. प्रयोगशाळेत नव्याने काम सुरू करणारे, औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आणि अशी औषधे वापरणारे डॉक्टर हे वाचतील असे धरले आहे.

लेपच दिला नाही तर काय बिघडते?

दोन गोष्टी बिघडतात आणि दोन्ही फार लवकर.

पहिली म्हणजे कण एकमेकांना चिकटतात. सायट्रेटवर स्थिर असलेले सोन्याचे कण पाण्यात कित्येक महिने गडद लाल राहतात, कारण त्यांच्यावरचा ऋणभार त्यांना जवळ येऊ देत नाही. त्याच कुपीत फॉस्फेट बफर सलाइन, म्हणजे पीबीएस, घातले की डोळ्यांदेखत रंग जांभळा होतो, मग निळसर करडा होतो आणि काही वेळाने तळाशी काळपट गाळ बसतो. कारण मिठात आहे. १ मिलिमोलर मिठाच्या पाण्यात पृष्ठभागावरच्या भाराचा प्रभाव सुमारे १० नॅनोमीटरपर्यंत पोचतो. रक्तातल्या क्षारांचे प्रमाण १५० मिलिमोलरच्या आसपास असते आणि तिथे तोच प्रभाव ०.८ नॅनोमीटरवर आटोपतो. कण मग एकमेकांच्या आकर्षणाच्या टप्प्यात येतात आणि एकदा चिकटले की सुटत नाहीत. निव्वळ भाराच्या जोरावर तगलेला कण रक्तासाठी नाही, हे धरूनच कामाला लागावे.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. उघड्या पृष्ठभागावर रक्तातली प्रथिने काही सेकंदांत बसतात. त्यांतली प्रतिपिंडे, फायब्रिनोजेन आणि कॉम्प्लिमेंट यंत्रणेतले (परक्या गोष्टींवर खूण करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांतले) सी-३ ही भक्षक पेशींना ओळखू येणारी खूण असते. यकृतातल्या कुप्फर पेशी आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी असे कण उचलून घेतात, अनेकदा काही मिनिटांतच.

लोहऑक्साइडच्या बाबतीत तिसरा त्रासही आहे. उघड्या पृष्ठभागावरून लोहाचे आयन सुटतात, पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्यांची क्रिया होते आणि पेशीला इजा करणारी मुक्त मूलके तयार होतात.

लेप दिला की प्रथिने चिकटायची थांबतात ना?

थांबत नाहीत. कमी होतात, आणि कोणती चिकटतात ते बदलते. कणाभोवती जमणाऱ्या या थराला २००७ पासून 'प्रोटीन कोरोना' म्हणतात. सुरुवातीला रक्तात मुबलक असलेली प्रथिने येऊन बसतात, मुख्यतः अल्ब्युमिन, जे दर लिटर रक्तद्रवात ३५ ते ५० ग्रॅम असते. नंतर प्रमाणाने कमी पण पृष्ठभागाशी जास्त सलगी असलेली प्रथिने, उदाहरणार्थ अपोलिपोप्रोटीन, त्यांना हटवून जागा घेतात. आतला थर घट्ट बसतो आणि तासन्‌तास टिकतो. बाहेरचा सैल थर सतत बदलत राहतो आणि धुण्यात निघून जातो, त्यामुळे नेहमीच्या पद्धतींनी मोजला जातो तो आतलाच.

पेशीच्या ग्राहींना दिसतो तो हा थर. लेपाची निवड म्हणजे बऱ्याच अंशी कोणते प्रथिन बोलावायचे याची निवड. पॉलिसॉर्बेट ८० लावलेल्या कणांवर अपोलिपोप्रोटीन-ई बसते आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी त्या प्रथिनामुळे कण आत घेऊ शकतात. लिपिड नॅनोकणांवर तेच प्रथिन बसले की यकृतपेशी त्यांना घेतात. प्रथिन एकच असूनही मुक्काम वेगळा होतो, कारण कणाचा आकार, बाकीचे प्रथिन-मिश्रण आणि कण रक्तात किती वेळ फिरतो हेही मोजणीत येते. एखाद्या लेपाला सरसकट 'मेंदूत नेणारा' म्हणणाऱ्या लेखांकडे सावधपणेच पाहावे.

सगळे पेगच का वापरतात?

पेग म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल. त्याची साखळी लवचीक असते, तिच्यावर भार नसतो आणि ती पाणी धरून ठेवते. प्रथिनाला पृष्ठभागापर्यंत यायचे तर त्या पाण्याला आणि हलत्या साखळ्यांना दाबावे लागते, आणि ते ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते. शिवाय औषधांत पेग वापरण्याचा अनुभव जुना आहे.

सर्वांत परिचित उदाहरण डॉक्सिलचे. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध भरलेल्या या पेगयुक्त लिपोसोमला, म्हणजे लिपिडांच्या पटलाच्या सूक्ष्म पिशवीला, अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. कण ८० ते १०० नॅनोमीटरचे, आणि पटलातल्या लिपिडांपैकी साधारण ५ मोल टक्के (दर शंभर रेणूंमागे पाच) लिपिडांना २००० डाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) पेग साखळी जोडलेली. मोकळे डॉक्सोरुबिसिन काही मिनिटांत रक्तातून ऊतींत शिरते. डॉक्सिलचा रक्तातला अर्धायुकाल दोन दिवसांहून अधिक आहे. दुष्परिणामही त्याबरोबर सरकले. हृदयावरचा घात कमी झाला, पण कण दीर्घकाळ फिरत राहून त्वचेत झिरपतात, म्हणून तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास मोकळ्या औषधापेक्षा जास्त दिसतो. लेपाने औषधाचे विष कमी होते असे म्हणण्यापेक्षा ते जागा बदलते असे म्हणणे खरे.

पेगची साखळी किती लांब आणि किती दाट हवी?

बहुतेक फसलेल्या प्रयोगांचे मूळ इथे सापडते, म्हणून जरा सविस्तर.

पाण्यात मोकळ्या गोळ्यासारखी राहिलेली २००० डाल्टनची साखळी साधारण ३.५ नॅनोमीटर जागा व्यापते आणि ५००० डाल्टनची साधारण ६ नॅनोमीटर. दोन शेजारच्या साखळ्यांच्या बुडख्यांतले अंतर यापेक्षा बरेच जास्त असेल तर प्रत्येक साखळी अळंबीसारखी आपल्यापुरती पसरते आणि मधली जागा उघडी राहते. अंतर कमी झाले की साखळ्या एकमेकींना ढकलत उभ्या राहतात. याला ब्रश स्थिती म्हणतात आणि रक्तात टिकायचे तर ती लागते. डॉक्सिलमधल्या ५ मोल टक्क्यांना हे अंतर ३ नॅनोमीटरच्या आसपास येते, म्हणजे अळंबी आणि ब्रश यांच्या सीमेवर. लिपोसोममध्ये पेग वाढवत नेला तर १० मोल टक्क्यांच्या पुढे पटलच मोडते आणि चकत्या व मायसेल (लिपिडांचे भरीव गोळे) तयार होतात, त्यामुळे तिथे मर्यादा आहे. सोने, सिलिका, लोहऑक्साइड यांना ती मर्यादा नाही.

आता हिशेब. ५० नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणाचे पृष्ठफळ ७,८५० चौरस नॅनोमीटर. ५००० डाल्टनच्या साखळ्या अळंबी स्थितीत बसल्या तर सुमारे २८० साखळ्यांतच पृष्ठभाग भरल्यासारखा दिसतो. दर चौरस नॅनोमीटरला एक अशी दाट बसवण करायची तर ७,८५० लागतात. म्हणजे 'पेग लावला' या एकाच वाक्यात अठ्ठावीस पट फरक लपू शकतो.

एका मिलिलिटरमध्ये असे ४५ अब्ज कण असतील तर दाट थरासाठी ०.६ नॅनोमोल, म्हणजे सुमारे ३ मायक्रोग्रॅम पेग-थायॉल (सोन्याला धरणारे गंधकाचे टोक असलेले पेग) पुरेसे आहे. सगळे रेणू बसत नाहीत, म्हणून दहापट, ३० मायक्रोग्रॅम घ्यावे. कणांचा आकार बदलला की हिशेब पुन्हा करावा. तेवढ्याच सोन्याचे १० नॅनोमीटरचे कण केले तर पृष्ठफळ पाचपट होते आणि जुन्या मापाने घातलेला पेग अपुरा पडतो.

सोन्याच्या कणांवर पेग चढवायची पद्धत काय?

पेग-थायॉल वापरायच्या वेळीच, वायू काढून टाकलेल्या शुद्ध पाण्यात विरघळवावे. आठवडाभर ठेवलेल्या द्रावणात थायॉल टोके एकमेकांशी जोडून डायसल्फाइड झालेली असतात, ती सोन्यावर मंदपणे आणि विरळ बसतात. कण चांगले ढवळत असताना सगळे पेग एकदम घालावे. थेंबथेंब घातले तर आधी आलेल्या कणांना जास्त आणि नंतरच्यांना कमी मिळते. या टप्प्यावर मीठ घालू नये. खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवावे.

लांब साखळ्या आधी बसल्या की त्यांच्याच गर्दीमुळे नव्या लांब साखळीला आत शिरता येत नाही. अशा वेळी दुसऱ्या फेरीत १००० किंवा २००० डाल्टनच्या छोट्या साखळ्या घालून फटी भरून घ्याव्यात. नंतर ५० नॅनोमीटरच्या कणांसाठी ३,००० ते ४,००० जी ला २० ते ३० मिनिटे फिरवून, वरचे पाणी टाकून, तीनदा धुवावे. बुडाशी बसलेला गोळा हलवल्यावर लगेच लाल विरघळला तर ठीक. काचेसारखा चकाकणारा, नळीला चिकटलेला थर उरला तर कण गेले, ते परत येत नाहीत.

धुण्यात आळस केला की मोकळे पेग मागे राहते. ते डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून कणाचा आकार मोजण्याच्या पद्धतीत) दिसत नाही, रंगात दिसत नाही, पण प्राण्याच्या रक्तात गेले की पेगविरुद्धच्या प्रतिपिंडांशी तेही बांधले जाते आणि निष्कर्ष गढूळ होतो.

लेप खरोखर बसला आहे हे कशावरून ठरवायचे?

एका चाचणीवर विसंबू नये. निदान तीन गोष्टी एकमेकींशी जुळाव्यात.

मिठाची चाचणी सर्वांत स्वस्त आणि निर्दय. कणांच्या द्रावणात समान आकारमानाचे १० टक्के मिठाचे पाणी घालावे, तासाभराने शोषण-वर्णपट घ्यावा. ५० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांचे शिखर ५३० नॅनोमीटरजवळ असते. ते रुंद होऊन ६०० च्या पलीकडे शेपूट वाढली तर लेप अपुरा आहे.

डीएलएसने द्रवगतिक व्यास, म्हणजे द्रवात हलताना लेपासकट असलेला व्यास, मोजावा. ५००० डाल्टनच्या पेगचा थर नुसता अळंबी स्थितीत असला तरी व्यास १२ नॅनोमीटरच्या आसपास वाढायला हवा, ब्रश असेल तर आणखी. मात्र डीएलएसमध्ये विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. मूठभर गुठळ्या किंवा धुळीचे दोन कण हजारो चांगल्या कणांना झाकून टाकतात. बहुविखुरण निर्देशांक (कणांच्या आकारांतली विविधता दाखवणारा आकडा) ०.२ च्या वर गेला तर सरासरी व्यासाचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) छायाचित्रात पेगचा थर दिसत नाही, त्यामुळे टीईएमचा व्यास कमी येणारच. दोन आकड्यांतली तफावत ही चूक नव्हे.

झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणाच्या पृष्ठभागाजवळच्या भाराचे माप, १ ते १० मिलिमोलर मीठ असलेल्या पाण्यात मोजावे. पीबीएसमध्ये मोजले तर विद्युतप्रवाह जास्त होतो, नमुना तापतो, इलेक्ट्रोड काळे पडतात आणि आकडा शून्याकडे सरकतो. तो पाहून 'पेगने भार झाकला' असा निष्कर्ष काढलेला पुष्कळदा दिसतो. सायट्रेट कण उणे ३० ते ४० मिलिव्होल्टवरून उणे १० च्या आत आले, आणि तेही तेवढ्याच मिठात, तरच त्या बदलाचे श्रेय लेपाला द्यावे.

साखळ्यांची संख्या हवी असेल तर धुतलेल्या पाण्यात उरलेले थायॉल एलमनच्या अभिकर्मकाने मोजून वजाबाकी करता येते, किंवा सुकवलेल्या नमुन्याचे उष्णता-वजन विश्लेषण करता येते. दुसऱ्या पद्धतीला मिलिग्रॅमभर नमुना लागतो, आणि नेमका तोच नसतो.

कणावरचा भार धन असावा की ऋण?

रक्तात सोडायचा असेल तर शून्याच्या जवळ, साधारण अधिक-उणे १० मिलिव्होल्टच्या आत. धनभारित कण पेशींच्या ऋणभारित पडद्याला चटकन चिकटतात, म्हणून बशीतल्या पेशींत ते सर्वांत चांगले शिरतात. हेच कण रक्तात लाल पेशी फोडतात, प्रथिने ओढून घेतात आणि फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात. पॉलिइथिलीनइमिन हे धनभारित बहुवारिक लावलेल्या कणांची ही जुनी तक्रार आहे.

आरएनए देणाऱ्या लिपिडांनी यातून चांगली वाट काढली. पॅटिसिरान या आरएनए-औषधातल्या लिपिडाचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर भार असतो तो) ६.४ च्या आसपास आहे. रक्ताच्या ७.४ पीएचला ते जवळजवळ उदासीन असते, पेशीत शिरल्यावर आम्ल पिशवीत त्याच्यावर धनभार येतो आणि तेव्हाच ते पडदा फोडते.

कायटोसान या नैसर्गिक बहुवारिकाबद्दल वेगळे सांगायला हवे. त्याचा पीकेए ६.५ च्या जवळपास. रक्ताच्या पीएचला त्याचा भार बराचसा जातो आणि ते विरघळलेलेही राहत नाही. नाक, आतडे, डोळा अशा श्लेष्मल पृष्ठभागांवर चिकटून राहायचे काम ते उत्तम करते. शिरेतून द्यायच्या कणाला तेच कशासाठी लावतात, याचे समाधानकारक उत्तर क्वचित मिळते.

पेगविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होतात हे खरे का?

खरे आहे. पेगयुक्त लिपोसोमचा पहिला डोस दिल्यावर प्लीहेतल्या बी-पेशी पेगविरुद्ध आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे तयार करतात. पाच ते सात दिवसांनी दुसरा डोस दिला तर ती कणांवर बसतात, कॉम्प्लिमेंट यंत्रणा चालू होते आणि पहिल्या वेळी दिवसभर फिरलेले कण या वेळी काही तासांत यकृतात जातात. प्राण्यांवरच्या प्रयोगात सोमवारी एक आणि पुढच्या सोमवारी दुसरा डोस देणारा आराखडा या खड्ड्यात नेमका पडतो. विचित्र वाटेल, पण लहान डोस हा परिणाम जास्त घडवतो आणि मोठा डोस कमी. डॉक्सोरुबिसिन भरलेल्या कणांत तो फारसा दिसत नाही, कारण औषध त्या बी-पेशींनाच मारते. रिकाम्या लिपोसोमवर केलेला अभ्यास म्हणून भरलेल्या लिपोसोमला लागू करू नये, आणि उलटही.

सौंदर्यप्रसाधने आणि औषधांतून पेगशी संबंध येत असल्यामुळे कधीही असे इंजेक्शन न घेतलेल्या माणसांतही ही प्रतिपिंडे आढळतात.

लेप घट्ट चिकटून राहणे चांगले की सुटणे?

कण काय करायला पाठवला आहे यावर अवलंबून. कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचायला तासन्‌तास फिरायचे असेल तर लेप टिकला पाहिजे. यकृतपेशीत शिरायचे असेल तर तो वेळेवर उतरला पाहिजे, कारण जो पेग भक्षक पेशींना रोखतो तोच हव्या त्या पेशीलाही रोखतो.

२०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या पॅटिसिरानमध्ये पेग-लिपिड फक्त १.५ मोल टक्के आहे आणि त्याची स्निग्ध शेपटी १४ कार्बनची. उंदरांत मोजल्यावर १४ कार्बनचे पेग-लिपिड कणावरून ताशी सुमारे ४५ टक्के वेगाने सुटते, १६ कार्बनचे ताशी १.३ टक्के आणि १८ कार्बनचे फक्त ०.२ टक्के. चार कार्बनांचा फरक, आणि वेगात दोनशेपटीहून जास्त तफावत. पेग उतरला की अपोलिपोप्रोटीन-ई बसते आणि यकृतपेशी कण घेते. डॉक्सिलमध्ये १८ कार्बनची शेपटी आहे, तीही विचारपूर्वकच. लेपाचे नाव दोन्हीकडे 'पेग २०००', वर्तन दोन टोकांचे.

सोन्यावरचे थायॉल बंधनही कायमचे नसते. रक्तद्रवात ग्लुटाथायॉन (शरीरातलेच एक थायॉल) मायक्रोमोलर असते, पेशीत १ ते १० मिलिमोलर. पेशीत शिरल्यावर ते पेगला हटवत जाते. एकाऐवजी दोन गंधक-अणूंनी धरणारे लायपोइक आम्लाचे टोक घेतले तर लेप बराच जास्त टिकतो. साठवणीतला टिकाऊपणा तपासताना हा मुद्दा निसटतो. शुद्ध पाण्यात सहा महिने स्थिर राहिलेला लेप ३७ अंशांना, रक्तद्रवात, २४ तास टिकेलच असे नाही.

पेगऐवजी काय वापरता येते?

डेक्स्ट्रान (शर्करेची लांब साखळी) आणि त्याचे भाऊबंद लोहऑक्साइडवर सर्वाधिक वापरले गेले. १९९६ मध्ये मान्यता मिळालेले फेरिडेक्स डेक्स्ट्रान-लेपाचे होते. १२० ते १८० नॅनोमीटरच्या त्या कणांना यकृत लगेच उचलते, आणि यकृताच्या एमआरआयसाठी तेच हवे होते. फेरुमॉक्सिटॉल ३० नॅनोमीटरच्या आसपास, त्यावर कार्बोक्सिमिथाइल केलेला शर्करा-लेप. २००९ पासून ते लोहाच्या कमतरतेसाठी दिले जाते आणि रक्तात तासन्‌तास राहते. गाभा दोन्हीकडे लोहऑक्साइडच.

एकाच रेणूवर धन आणि ऋण दोन्ही भार असलेले लेप, म्हणजे झ्विटरआयन, पाणी पेगपेक्षाही घट्ट धरतात आणि अगदी पातळ असतात. सिस्टीन, कार्बोक्सिबीटेन, फॉस्फोरिलकोलीन ही नेहमीची नावे. कण लहानच ठेवायचा असेल तेव्हा यांना तोड नाही.

सिलिकाचे कवच १९६८ पासून माहीत असलेल्या स्टोबर पद्धतीने, अल्कोहोल, अमोनिया आणि टीईओएस (सिलिका देणारे संयुग) वापरून चढवतात. आतला गाभा झाकायला उत्तम, पण सिलिका शरीरातल्या द्रवांत हळूहळू विरघळते आणि तिच्या पृष्ठभागावर लाल पेशी फुटतात, त्यामुळे तिच्यावरही आणखी एक लेप लागतोच.

अल्ब्युमिनचे उदाहरण म्हणून २००५ च्या अब्राक्सेनचे नाव घेतात. १३० नॅनोमीटरचे हे कण रक्तात विरळ झाले की मोडतात, त्यामुळे त्याला लेपित कण म्हणून इतरांशी तोलू नये. त्याचा फायदा, आतल्या पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधासोबत ते विरघळवणारा जुना क्रेमोफोर द्यावा लागत नाही हा आहे. लाल रक्तपेशींचे पटल काढून कणावर चढवण्याची पद्धत २०११ मध्ये आली. त्या पटलावरचे सीडी-४७ हे प्रथिन भक्षक पेशींना थोपवते. दर तुकडीत सारखेच पटल मिळवणे हे तिचे अवघड जागीचे दुखणे.

लेपावर प्रतिपिंड किंवा लायगंड लावला की कण थेट गाठीवर जातो का?

जात नाही. रक्त नेईल तिकडे जातो, आणि योग्य पेशीच्या अगदी जवळ पोचल्यावरच लायगंडचा (पेशीवरच्या ठरावीक ग्राहीला धरणाऱ्या रेणूचा) उपयोग होतो. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये काढलेला मध्यांक सांगतो की टोचलेल्या नॅनोकणांपैकी ०.७ टक्के प्राण्यांच्या गाठीत पोचतात. २०१३ मध्ये ट्रान्सफेरिन हा लायगंड लावलेल्या सिलिका कणांवर दाखवले गेले की रक्तद्रवातला प्रोटीन कोरोना लायगंड झाकतो आणि ओळख जवळजवळ नाहीशी होते.

तरी लावायचेच असेल तर दोन गोष्टी पाळाव्यात. लायगंड शेजारच्या साखळ्यांपेक्षा लांब साखळीवर असावा, उदाहरणार्थ २००० च्या गर्दीत ३४०० किंवा ५००० वर. नाहीतर तो ब्रशमध्ये बुडतो. आणि संख्या मर्यादित ठेवावी. लायगंड वाढवत गेले की लेपाचा लपवण्याचा गुण कमी होतो आणि यकृताचा वाटा वाढतो.

जोडणीसाठी ईडीसी-एनएचएस (कार्बोक्सिल आणि अमाइन टोके जोडणारी अभिकर्मकांची जोडी) वापरताना कार्बोक्सिल टोके ५.५ ते ६ पीएचच्या एमईएस बफरमध्ये १५ मिनिटे सक्रिय करावीत, जादा अभिकर्मक काढावे, मग ७.२ ते ७.५ पीएचला प्रतिपिंड घालून दोन तास ठेवावे आणि शेवटी इथेनॉलअमाइनने उरलेली टोके बंद करावीत. ट्रिस किंवा ग्लायसिनचा बफर चालत नाही, त्यांतले अमाइनच जोडले जाते. बाजारातल्या प्रतिपिंडात टिकाऊपणासाठी घातलेले बोव्हाइन अल्ब्युमिन असेल तर कणावर मुख्यतः तेच बसते, कुपीवरची चिठ्ठी वाचावी. फ्रीझरमधली ईडीसीची बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर ओल धरून ती निकामी होते. सक्रिय करताना कणांवरचा ऋणभार कमी होतो, म्हणून गुठळ्या नेमक्या याच १५ मिनिटांत होतात. खाली पेगचा पुरेसा थर असेल तर होत नाहीत.

लेपामुळे कण मूत्रातून बाहेर पडू शकतो का?

लेपासकट द्रवगतिक व्यास ५.५ नॅनोमीटरच्या आत असेल तर पडतो. ही मर्यादा २००७ मध्ये सिस्टीन लावलेल्या क्वांटम डॉट्सवर (चमकणाऱ्या अर्धवाहक नॅनोकणांवर) दाखवली गेली. त्याच गाभ्यावर पेग चढवला की व्यास मर्यादेबाहेर जातो.

बशीतल्या पेशींवर छान चालले, प्राण्यात फसले. का?

बहुधा सीरममुळे. पेशींच्या माध्यमात १० टक्के, तेही वासराचे आणि अनेकदा ५६ अंशांना तापवून कॉम्प्लिमेंट मोडलेले सीरम असते. प्राण्याच्या शरीरात पूर्ण रक्त असते. कोरोना वेगळा, म्हणून कण वेगळा. निदान ५० टक्के रक्तद्रवात ३७ अंशांना तासभर ठेवून मग पेशींवर घालून पाहावे.

रक्त न गोठू देणाऱ्या कोणत्या द्रव्यात गोळा केले तेही पाहावे. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधते आणि कॉम्प्लिमेंट बंद पाडते. त्या रक्तद्रवात लेप 'सुरक्षित' ठरला तर त्याला काडीचाही अर्थ नाही. हेपरिन स्वतःच धनभारित कणांवर बसते. कॉम्प्लिमेंटचीच चाचणी असेल तर हिरुडिन वापरतात.

निर्जंतुक कसे करायचे?

कण १५० नॅनोमीटरच्या आत असतील तर ०.२२ मायक्रोमीटरचा फिल्टर, आणि गाळण्याआधी-नंतर कणांचे प्रमाण मोजावे, कारण फिल्टरवर बरेच अडकू शकतात. १२१ अंशांचा ऑटोक्लेव्ह लिपिड आणि प्रथिनांचे लेप मोडतो. गॅमा किरणांनी पेगच्या साखळ्या तुटतात.

एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या कवचातले विष) यात जात नाही. ते फिल्टरमधून पार होते, ऑटोक्लेव्हला दाद देत नाही आणि धनभारित लेपाला चिकटून बसते. शिरेतून द्यायच्या औषधाला दर तासाला दर किलो वजनामागे ५ एंडोटॉक्सिन युनिट ही मर्यादा आहे. एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या रंगाच्या चाचणीचे वाचन ४०५ नॅनोमीटरला होते आणि तिथे सोने व लोहऑक्साइड स्वतःच प्रकाश शोषतात. ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून त्यातले ५० ते २०० टक्के परत मोजले गेले, तरच त्या नमुन्याचा निकाल धरावा.

गोठवून किंवा सुकवून ठेवता येते का?

५ ते १० टक्के सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज घातले तर बहुधा येते. नुसते गोठवले तर बर्फ बनताना कण उरलेल्या पाण्यात एकत्र दाबले जातात आणि पेग स्फटिक बनून सुटा होतो. सुकवलेला नमुना पाण्यात मिसळल्यावर व्यास आधीच्या दहा टक्क्यांच्या आत आला पाहिजे. डॉक्सिल मात्र गोठवायचे नसते, २ ते ८ अंशांतच ठेवायचे.

नियामक संस्था लेपाबद्दल काय मागतात?

युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये शिरेतून द्यायच्या लेपित नॅनो-औषधांच्या लेपावरच स्वतंत्र टिपण काढले. लेपाचे घटक, त्याची पृष्ठभागावरची जोडणी, तुकडीगणिक सारखेपणा, साठवणीत आणि शरीरात तो अकाली सुटतो का, हे सगळे दाखवावे लागते. मूळ औषधाची नक्कल करणाऱ्यांना गाभा जुळवणे सोपे जाते, लेपावर अडते.

रुग्णाला देताना लेपामुळे कोणती काळजी घ्यायची?

डॉक्सिल फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचे, नळीत फिल्टर लावायचा नाही आणि सुरुवात मिनिटाला १ मिलिग्रॅम या वेगाने करायची. पहिल्याच वेळी चेहरा लाल होणे, छाती आवळणे, पाठ दुखणे असे झाले तर ते अनेकदा कॉम्प्लिमेंटमुळे असते. थांबवून, लक्षणे ओसरल्यावर सावकाश पुन्हा सुरू करता येते, मात्र प्रतिक्रिया गंभीर असेल तर नाही.

फेरुमॉक्सिटॉल पूर्वी काही सेकंदांत ढकलले जाई. जीवघेण्या ॲलर्जीच्या घटनांनंतर २०१५ मध्ये अमेरिकेत त्यावर ठळक चौकटीतला इशारा आला. तेव्हापासून ते विरळ करून किमान १५ मिनिटांत द्यायचे आणि नंतर निदान अर्धा तास रक्तदाब व नाडी पाहत रुग्णाला तिथेच ठेवायचे असते. आधीचा डोस सुखरूप गेला होता, यावरून पुढच्या डोसला ही देखरेख सोडता येत नाही.